शिट्टी सगळ्यांना ऐकू येत नाही

शिट्टी झाली की बत्तीसपैकी एकतीस मुलं धावत यायची आणि घोड्याच्या नालेच्या आकारात उभी राहायची. एकजण मात्र पिंपळाखाली तसाच उभा असायचा. मग कुणीतरी त्याला हात करायचं, तो दचकून पळत यायचा आणि उशिरा आल्याबद्दल मी त्याला सगळ्यांसमोर सुनावायचो. जूनपासून हे असंच चाललं. दिवाळीनंतर त्याची आई शाळेत आली आणि बोलता बोलता म्हणाली, "सर, त्याच्या उजव्या बाजूनं बोलत जा. डाव्या कानानं ऐकूच येत नाही, उजव्यानंही थोडं कमीच."

इतके महिने मी त्याला शिस्त शिकवत होतो. त्याच्या शिस्तीत काहीच कमी नव्हतं. कमी होती ती माझ्या माहितीत, आणि ती एका वाक्यात भरून निघाली.

स्काऊट मास्तर, गाईड कॅप्टन, कब-बुलबुलचं काम बघणारे शिक्षक, आणि आपल्या मुलाला पथकात झेपेल का या विचारात असलेले पालक यांच्यासाठी हे लिहितो आहे. मूल ऐकू न येणारं असेल, वाचताना अडखळणारं असेल, सिकलसेलचं असेल किंवा निम्मं वर्ष आईबापांबरोबर उसाच्या फडावर जाणारं असेल. पथकात त्याला काय काय करता येतं हे बहुतेक वेळा आपण कार्यक्रम कसा आखतो यावर ठरतं.

मुलाप्रमाणे कार्यक्रमात बदल केले तर स्काऊटिंग उरतं का, असं सहकारी विचारतात. या चळवळीचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न पडू नये. बेडन-पॉवेल यांनी १९०७च्या ऑगस्टमध्ये ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं. त्यात श्रीमंतांच्या निवासी शाळांतली मुलं आणि पूल-बॉर्नमथ भागातली साध्या घरची मुलं त्यांनी मुद्दाम एकत्र घेतली आणि त्यांचे चार संघ केले. दोन वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात मुली आपण होऊन हजर झाल्या आणि त्यातून १९१०मध्ये गर्ल गाईड्सची वाट निघाली. आपल्याकडे १९०९मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं, पण सुरुवातीची पथकं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. भारतीय मुलांना दार बंद होतं. म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये, तर मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत वेगळी पथकं उभी केली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना झाली ती या सगळ्या खटाटोपानंतर. आपल्या स्काऊट-गाईड वचनातसुद्धा 'ईश्वर' या शब्दाच्या जागी 'धर्म' म्हणण्याची मुभा आहे. वचनाला जर पर्याय चालतो, तर दोराच्या गाठीला का चालू नये?

बदल करताना मी प्रत्येक बाबीला एकच प्रश्न विचारतो: ही कशासाठी आहे?

रीफ नॉट घ्या. पट्टी बांधताना गाठ सपाट बसावी, टोचू नये आणि हवी तेव्हा सुटावी, यासाठी ती आहे. दोन्ही हातांच्या बोटांनी, उभं राहून, अमुक सेकंदांत बांधायची हे आपण मागाहून चिकटवलेलं. एका हातात जोर नसलेला मुलगा दोराचं एक टोक गुडघ्याखाली दाबून ती बांधू शकतो. क्लोव्ह हिच तर उभ्या बांबूच्या टोकावरून दोन फास एकामागून एक उतरवून एका हातानं बांधता येते. बोलाइनची गाठ एका हातानं बांधण्याची पद्धत नावाडी आणि गिर्यारोहक पूर्वीपासून वापरत आले आहेत, कारण त्यांचा दुसरा हात दोराला किंवा कड्याला धरलेला असतो. डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलीला दोन वेगळ्या पोताचे दोर द्या, एक सुती आणि एक नायलॉनचा. कोणतं टोक कुठून गेलं ते तिला बोटांनी कळतं. त्या दिवशी सगळ्या संघाला स्कार्फनं डोळे बांधून गाठी मारायला लावा. एरवीही रात्री तंबूचा दोर सुटला तर अंधारातच बांधायचा असतो, त्यामुळे हा सराव सगळ्यांच्याच कामाचा आहे. अशा वेळी ती मुलगी बाकीच्यांना शिकवायला लागते, आणि तिला शिकवताना पाहणं हा माझ्यासाठी या कामातला फार मोठा आनंद आहे.

हाईकचंही तसंच. नकाशा आणि खुणांवरून वाट शोधणं, सोबत्यांना सोडून पुढे न जाणं, वाटेत जे दिसलं ते टिपणं हा तिचा गाभा. आठ किलोमीटर चालणं हा त्यातला एक भाग. पायाला कॅलिपर लावणाऱ्या मुलाला आपण पटकन "तू इथंच बस, सामान सांभाळ" म्हणतो. त्याऐवजी त्याचा संघ दोन बाजूंनी निघू द्या. निम्मे लांबून येतील, तो आणि दोघे-तिघे जवळच्या फाट्यावरून निघतील आणि ठरलेल्या ठिकाणी गाठ पडेल. दोन्ही बाजूंना नकाशा लागतो, दोन्ही बाजूंना खुणा ठेवाव्या लागतात. चाकाची खुर्ची असेल तर आदल्या आठवड्यात तुम्ही स्वतः त्या रस्त्यानं जाऊन या. कुठे खडी आहे, कुठे ओढ्याचा उतार आहे, हे कागदावर कळत नाही. मुलाला पाठीवर उचलून नेण्याची हौस काही मोठ्या मुलांना असते. त्याला विचारल्याशिवाय तसं करू देऊ नका.

किमचा खेळ बदलायला सर्वांत सोपा. झाकण्याआधी वस्तू पाहून लक्षात ठेवण्याऐवजी पिशवीत हात घालून ओळखायच्या, किंवा ओवा, हळद, कापूर, रॉकेलचा बोळा वासावरून सांगायचे. वाचन-लेखन अवघड जाणाऱ्या मुलानं यादी लिहायची नाही, तोंडी सांगायची. लॉगबुकातही तेच. चित्रं, वाळलेली पानं, फोटो, मित्राला सांगून लिहून घेतलेलं वर्णन, सगळं चालू द्या. आपल्याला त्यानं काय पाहिलं ते हवं आहे, त्याचा ऱ्हस्व-दीर्घ नको आहे. वचन म्हणताना तोतरेपणामुळे अडणाऱ्या मुलाचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. थांबायचं. त्याला हवं असेल तर त्याचा संघ त्याच्याबरोबर म्हणेल.

आता शिट्टीकडे परत येतो. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी नवं काही शोधावं लागत नाही, आपल्याकडे ते आधीच आहे. रांग, वर्तुळ, नाल, सगळ्या रचनांना हाताचे इशारे ठरलेले आहेत. आपण ते शिकवतो आणि पुढे आळसानं शिट्टीवरच भागवतो. मी आधी हात वर करतो, मग शिट्टी वाजवतो. ज्याला हात दिसला त्यानंही आपला हात वर करायचा. पाच सेकंदांत सगळं मैदान हात वर करून उभं असतं, आणि खरं सांगायचं तर शिट्टीची गरजही उरत नाही. झेंड्यांची सेमाफोर, टॉर्चच्या उघडझापेनं मोर्स, या जुन्या गोष्टी कालबाह्य म्हणून बाजूला ठेवल्या असतील तर बाहेर काढा. अंधारात, अंतरावरून, आवाजाशिवाय बोलण्याच्याच त्या युक्त्या आहेत. मुलाची खुणांची भाषा असेल तर संघातल्या प्रत्येकानं त्याच्याकडून दर आठवड्याला पाच खुणा शिकाव्यात. आणि एक बारीक गोष्ट: शेकोटीला पाठ करून बोलू नका. उजेड तुमच्या तोंडावर पडला पाहिजे, नाहीतर ओठ वाचणाऱ्या मुलासाठी तुम्ही काळी सावली असता.

ज्यांना आवाज, गर्दी, अचानक झालेले बदल सोसत नाहीत, अशा स्वमग्न मुलांबाबत आपली पथकं फार घाईनं हार मानतात. दिवसाचा क्रम चित्रांत काढून संघाच्या कोपऱ्यात टांगा: झेंडा, व्यायाम, खेळ, डबा, गाठी, घरी. क्रम बदलणार असेल तर आधी सांगा. कानाजवळ शिट्टी नको. आपल्या टाळ्यांचे नाना प्रकार असतात, त्यातली पावसाची टाळी बोटानं हळू सुरू होते, ती चालते. एकदम कडकडाट नको. गळ्यात स्कार्फ टोचत असेल तर पहिले काही आठवडे तो मनगटाला बांधू द्या. एक शांत जागा ठरवून ठेवा, झाडाखाली किंवा व्हरांड्यात. तिथं जायला परवानगी मागावी लागू नये आणि तिथं जाणं ही शिक्षाही वाटू नये. एका जागी न टिकणाऱ्या चळवळ्या मुलाला मात्र याच्या उलट द्यायचं असतं, ते म्हणजे काम. दोर मोजून आण, झेंड्याची दोरी बघ, पाण्याचे जार भर. पाच मिनिटांची कामं, एकामागून एक. त्याला रांगेत सावधान उभं करून तुम्ही वीस मिनिटं भाषण केलंत, तर चूक त्याची नाही.

शिबिराविषयी मात्र जास्त लिहायला हवं, कारण तिथं चुकीची किंमत मोठी असते.

पालकांना भेटताना "काही आजार आहे का?" असं विचारू नका. उत्तर बहुधा "नाही" असंच येतं, मूल घरी ठेवलं जाईल या भीतीनं. "घरी काय सांभाळावं लागतं? रात्री काय लागतं? कशानं त्रास होतो आणि मग तुम्ही काय करता?" असं विचारा. उत्तरं लिहून घ्या. औषधं, डोस, डॉक्टरांचा फोन त्याच कागदावर. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय कुठे, रात्री गाडी कुणाची, हे तंबू ठोकण्याआधी ठरलेलं असावं.

फिट्स येणाऱ्या मुलाला अपुरी झोप घातक ठरू शकते. आपल्या शिबिरात रात्री अकरापर्यंत शेकोटी आणि पहाटे पाचला उठवणं हे जणू ठरलेलंच असतं. त्याला शेकोटीतून लवकर झोपायला पाठवा, किंवा शेकोटीच लवकर संपवा. लहान मुलांना सगळ्यांनाच ते बरं. पाण्यात उतरताना हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवं. आणि फिट आलीच तर कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, दातांत चमचा घालणं, हातपाय दाबून धरणं, यातलं काहीही करायचं नाही, हे संघातल्या प्रत्येक मुलाला आधीच शिकवा. आजूबाजूच्या वस्तू हलवायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर थेट दवाखाना. प्रथमोपचाराच्या तासाला हे शिकवलं तर ते त्या एका मुलासाठी आहे असं कुणाला वाटतही नाही.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाचा शत्रू म्हणजे उशीर झालेलं जेवण. परीक्षक गॅजेट्स बघत फिरतात, बांबूचं चप्पल स्टँड नीट उभं आहे का ते पाहतात, आणि ताटं दोन वाजेपर्यंत थांबतात. या मुलाचं ताट थांबता कामा नये. चालणं, खेळणं वाढलं की साखर उतरते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळलेपण दिसलं की लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यायचं आणि त्याला एकट्याला तंबूत पाठवायचं नाही. इन्सुलिन उन्हात तापलेल्या तंबूत राहू नये. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मडकं बरं काम देतं. बाटली डब्यात बंद असू द्या.

नंदुरबार, गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर या भागांतल्या पथकांनी सिकलसेल विसरून चालणार नाही. वाहक आणि रुग्ण यांत फरक आहे. वाहक मुलं बहुधा सगळं करतात, तरी भर उन्हात पाण्याशिवाय दमवणूक त्यांनाही नको. रुग्ण मुलाला तहान लागेपर्यंत थांबवू नका, ठरावीक वेळानं पाणी प्यायला लावा. पहाटेची गार पाण्याची आंघोळ हा शिबिराचा कणखरपणा समजला जातो, पण त्याच्यासाठी थंडी हे वेदनेचं निमित्त ठरू शकतं. त्याला गरम पाणी आणि पुरेसं पांघरूण द्या. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली किंवा हाडं असह्य दुखू लागली तर "थोडा आराम कर" म्हणत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. दमेकरी मुलाला शेकोटीचा धूर जातो त्याच्या उलट बाजूला बसवा, आणि त्याचा पंप त्याच्या खिशात असू द्या. कार्यालयातल्या कपाटात कुलूपबंद पंपाचा काही उपयोग नाही.

गाईड्सच्या शिबिरात पाळीची व्यवस्था ही सोय म्हणून शेवटी आठवायची बाब नाही. कपडे बदलायला आडोसा, झाकणाची बादली, कॅप्टनच्या पेटीत पॅड, आणि हे सगळं कुठे आहे ते पहिल्याच संध्याकाळी मोकळेपणानं सांगितलेलं. स्वयंपाकातून किंवा सर्वधर्मप्रार्थनेतून कुणालाही बाजूला बसवायचं नाही. एखाद्या मुलीनं स्वतः विश्रांती मागितली तर ती द्यायची.

आता अशा वेगळेपणाविषयी, जे कुठल्याही दाखल्यावर लिहिलेलं नसतं. बीड-जालन्याकडच्या अनेक गावांत दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गाड्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत घरं बंद असतात. आपली शिबिरं आणि मेळावे असतात डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे ज्या मुलाला शिबिराचं जगणं सर्वांत जास्त ठाऊक आहे, ते मूल दर वर्षी शिबिराला मुकतं. पाचटाच्या कोपीत राहणारं, तीन दगडांची चूल मांडणारं, थंडीत पाणी भरून आणणारं मूल आपल्या 'चूल पेटवणे' या बाबीत नापास कसं? ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शाळेच्या वर्गखोल्यांत आणि व्हरांड्यात एक रात्रीचा मुक्काम ठेवा. पावसाळा आहे, तंबू नसतील, चालेल. जाताना त्याच्या हातात एक लहान वही द्या, फडावर पाहिलेले पक्षी, वाटा, आकाशातले तारे काढायला. परत आल्यावर ती वही संघासमोर उघडायची. त्या मुलांचे कष्ट छान आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांनी शाळेतच, हंगामी वसतिगृहात का होईना, राहायला हवं. पण तोवर त्यांच्या अंगी आलेलं कौशल्य मोजायला आपण कमी पडू नये.

गणवेशाचं ओझंही इथंच येतं. बूट, टोपी, पट्टा, स्कार्फ, वॉगल असं सगळं घ्यायला पैसे नसले की मूल शनिवारी, पथकाच्या दिवशी, शाळेलाच येत नाही. पथकाची एक गणवेशपेटी करा. पुढच्या वर्गात गेलेली मुलं आपला गणवेश धुऊन त्यात ठेवतील. 'खरी कमाई' उपक्रमात मुलांनी काम करून मिळवलेले पैसे त्या पेटीसाठी वापरायचे की नाही, हे मानसभेत, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत, मुलांनाच ठरवू द्या. कुणाला पेटीतून मिळालं हे फक्त तुम्हाला ठाऊक असावं. गणवेश पूर्ण होईपर्यंत नुसता स्कार्फ पुरेसा समजा.

एका मास्तराला बत्तीस मुलांसाठी एकट्यानं हे सगळं जमणार नाही, आणि जमवायची गरजही नाही. सहा ते आठ जणांचा संघ त्यासाठीच असतो. मुलाला संघात घालताना एकच शहाणी मुलगी कायमची मदतनीस म्हणून नेमू नका. तिचंही बालपण आहे. मदतीची पाळी फिरती ठेवा. काय आणि किती सांगायचं ते मुलाला विचारूनच संघाला सांगा. नंतर संघाला विचारा: आपल्या खेळात याला कसं घेता येईल? मुलं नियम पटापट बदलतात, गल्लीत क्रिकेट खेळताना लिंबूटिंबूसाठी बदलतात तसे. फक्त त्याला कायमचा लिंबूटिंबू ठेवायचा नाही. त्याचीही संघनायक होण्याची पाळी यायला हवी. चौदा वर्षांच्या गतिमंद मुलाला 'समज लहान आहे' म्हणून कबमध्ये बसवणं मला पटत नाही. त्याला त्याच्या वयाच्या सोबत्यांत ठेवा आणि काम सोपं करा.

सोपान परीक्षा आणि राज्य पुरस्काराच्या वेळी हे बदल अडू नयेत म्हणून आधीच जिल्हा संघटकांना लेखी कळवा: कोणती बाब, मुलाची अडचण काय, आम्ही ती कशी करून घेतली. परीक्षेच्या सकाळी तोंडी विनंती केली की परीक्षकही संकोचतात आणि मूल सगळ्यांसमोर चर्चेचा विषय होतं. आणि बक्षीस समारंभात त्याला एकट्याला पुढे बोलावून फोटो काढू नका. संघाचा फोटो काढा.

शेवटची गोष्ट बदलीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज आहोत, पुढच्या जूनमध्ये नसू. नवे मास्तर येतात, शिट्टी वाजते, आणि पिंपळाखालचा मुलगा पुन्हा जागच्या जागी. म्हणून पथकाच्या दप्तरात प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवा आणि जाण्याआधी ते पुढच्या माणसाच्या हातात द्या. त्यावर रोगाचं नाव मोठ्या अक्षरात नको, कामाच्या चार ओळी हव्यात. त्या मुलाचं पान मी असं लिहिलं होतं: शिट्टीआधी हात वर करावा. उजव्या बाजूनं बोलावं. अंधारात टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरावा. मोर्स उत्तम येतं, लहान मुलांना शिकवायला त्याला सांगावं.